कार्पेट मशीन पाणी सोडतं, पण परत ओढत नाही: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

घरगुती कार्पेट मशीन म्हणजे एकाच खोक्यात बसवलेली दोन यंत्रं. एक छोटा पंप साबणाचं पाणी नोझलमधून कार्पेटवर फवारतो. दुसरी व्हॅक्यूमची मोटर तेच पाणी मळासकट ओढून घाण पाण्याच्या टाकीत आणते. पंप बंद पडला की लगेच कळतं, कारण फवारा येत नाही. ओढ कमी झाली तर मात्र कळायला उशीर होतो. आवाज तोच, पाइपातून थोडं काळं पाणी येताना दिसतं, म्हणून काम चालू राहतं. संध्याकाळी कार्पेटवर पाय ठेवल्यावर खरा प्रकार समजतो.

नागपुरात ही तक्रार दोन वेळा हमखास येते. एक दिवाळीच्या साफसफाईत, दुसरी कूलरचा सीझन संपल्यावर, कारण दोन-तीन महिने कूलरची दमट हवा खाल्लेलं कार्पेट तेव्हा वास मारू लागतं. बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते आणि दोष घरच्या घरी, पेचकसही न लावता निघतो. तरी लोक आधी मोटरवरच संशय घेतात.

लक्षणं

खालीलपैकी आपल्याकडे काय होतंय ते आधी ठरवा. आवाज नीट ऐका, निम्मं निदान त्यातच असतं.

- स्वच्छ टाकीत ४ लिटर पाणी घातलं आणि घाण टाकीत ३ लिटरही परत आलं नाही.
- मोटरचा आवाज एकदम चढला, बारीक आणि कर्कश झाला, ओढ शून्य. हवेची वाट बंद झाली आहे.
- आवाज नेहमीसारखा, पण ओढ कमी. हवा मधेच कुठून तरी आत शिरते आहे.
- आवाजच दबका, मोटर दमल्यासारखी. व्होल्टेज कमी आहे किंवा मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) झिजले आहेत.
- घाण टाकीत पाणी थोडं आणि फेस झाकणापर्यंत.
- पाइपातलं पाणी टाकीपर्यंत न जाता मधल्या मध्ये डचमळतं.
- कार्पेट आठ तासांनंतरही हाताला गार लागतं, दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो.
- वाळल्यावर चिकट लागतं, आठवड्यात पुन्हा मळतं, किंवा गेलेला डाग त्याच जागी परत वर येतो.

मशीनच्या मागच्या जाळीतून पाण्याचे तुषार किंवा फेस बाहेर येत असेल तर यापुढचं काही करू नका. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

आधी बादलीची चाचणी

दोष मशीनमध्ये आहे की वापरण्यात, हे दोन मिनिटांत कळतं. घाण टाकी रिकामी करा. बादलीत २ लिटर साधं पाणी घ्या. पाइपाच्या टोकाचं ब्रशचं तोंड निघत असेल तर काढा आणि पाइपाचं टोक पाण्यात थोडं बुडवून, थोडं वर काढून, असं पाणी ओढू द्या. टोक पूर्ण बुडवून ठेवू नका.

व्हॅक्यूम खरं तर पाणी ओढत नाही, हवा ओढतो, आणि वेगाने जाणारी हवा पाणी सोबत नेते. हवेची ही वाट ब्रशच्या तोंडापासून पाइप, टाकी, फ्लोट, फिल्टर, मोटर आणि मागची जाळी अशी जाते. ती कुठे अडली किंवा कुठे फुटली, एवढंच शोधायचं आहे.

पाणी दहा-बारा सेकंदांत सपाट्याने गेलं तर पाइप, टाकी आणि मोटर ठीक आहेत. दोष ब्रशच्या तोंडात, साबणात किंवा हात फिरवण्यात आहे. पाणी रडतखडत गेलं तर खालचा क्रम एकेक करून तपासा. सगळं एकदम उघडू नका, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल.

१. घाण टाकी आणि फ्लोट

खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच असतो. टाकीत एक हलका तरंगता फ्लोट असतो. कुठे तो चेंडूसारखा, कुठे पट्टीसारखा. पाणी ठरावीक पातळीला आलं की तो वर जाऊन हवेचं भोक बंद करतो. मोटरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून ही सोय. भोक बंद झालं की मोटरवरचा हवेचा भार कमी होतो, ती जास्त वेगाने फिरते आणि आवाज चढतो. लोकांना वाटतं मोटर बिघडली.

मशीन बंद करा, टाकी रिकामी करा, फ्लोट बोटाने वर-खाली करून पाहा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. केस, कार्पेटचे तंतू आणि वाळलेला साबण यांनी तो जाळीत अडकतो. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशने घासा. मशीन उंबरठ्यावरून धक्क्याने ओढलं, तिरकं केलं, तरी टाकीतलं पाणी हिंदकळून फ्लोट बसतो. अशा वेळी बंद करून अर्धा मिनिट थांबलं की तो आपोआप सुटतो.

फ्लोट सारखा बसतो म्हणून काढून टाकू नका. तसं केलेल्या मशीनची मोटर पुढच्याच मोठ्या धुलाईत भिजते.

२. फेस

टाकी अर्धीही भरली नाही आणि फ्लोट बसला, तर पाण्याने नव्हे, फेसाने बसला. फेसाचं वजन नसतं, तो पाण्याच्या कितीतरी आधी झाकणापर्यंत पोचतो. फ्लोटला चुकवून गेला तर थेट मोटरमध्ये.

कारण जवळपास नेहमी एकच: कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड किंवा डोक्याचा शाम्पू. ही सगळी फेस व्हावा म्हणूनच बनवलेली असतात. कार्पेट मशीनसाठी कमी फेसाचा, याच कामासाठी विकला जाणारा द्रव साबण लागतो, आणि तोही बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी दिसतो म्हणून दुप्पट साबण घालायची सवय आपल्याकडे फार आहे. तो वाढीव साबण कार्पेटमध्येच राहतो. चिकटपणा आणि आठवड्यात मळणं हा त्याचाच परिणाम, कारण साबणाचा चिकट थर धूळ धरून ठेवतो. घरात नळाचं आणि बोअरचं अशी दोन्ही पाणी येत असतील तर मशीनसाठी नळाचंच घ्या.

आत्ताचा फेस मारायचा असेल तर घाण टाकीत अर्धा कप पांढरं व्हिनेगर घाला, किंवा सिलिकॉनचं फेसनाशक ५ मि.ली. हे स्वच्छ टाकीत घालायचं नाही, घाण टाकीत.

एक खूण लक्षात ठेवा. स्वच्छ टाकीत फक्त साधं पाणी आहे आणि तरी घाण टाकीत फेस येतो, म्हणजे मागच्या धुलाईचा साबण अजून कार्पेटमध्ये आहे. अशा कार्पेटला नवा साबण लावूच नका. साध्या कोमट पाण्याने दोनदा धुवा, मधे एकदा पूर्ण वाळू द्या. पुष्कळदा तेवढ्यानेच ते स्वच्छ होतं, साबणाची गरजच पडत नाही.

३. फिल्टर

ओलं-कोरडं दोन्ही करणाऱ्या व्हॅक्यूमला हे जास्त लागू. कोरड्या झाडलोटीची कागदी पिशवी आत विसरून ओलं काम सुरू केलं की तिचा लगदा होतो आणि हवा थांबते. पिशवी नेहमी काढायची. कागदी घडीच्या फिल्टरचं मशीनच्या पुस्तिकेत पाहा. काही मॉडेलमध्ये तो ओल्यालाही चालतो, काहींत त्याच्या जागी स्पंजची बाही चढवावी लागते. स्पंज साध्या पाण्यात पिळून धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. मे महिन्यात गच्चीवर ४५ अंशांच्या उन्हात टाकलेला स्पंज दोन हंगामांत भुगा होतो आणि तो भुगा मोटर ओढून घेते.

मागची जाळीही याच वेळी पाहा. मशीन भिंतीला किंवा पडद्याला चिकटून ठेवलं असेल तर हवा बाहेर पडायला जागा नसते. आत येणारी हवा बाहेर गेलीच पाहिजे.

४. टाकीची बैठक आणि रबरी गॅस्केट

आवाज नेहमीचा आणि ओढ कमी, असं असेल तर आधी इथे पाहा. टाकी धुऊन परत बसवताना एक बाजू खटक्यात बसली नाही, गॅस्केट (सांधा हवाबंद करणारी रबरी पट्टी) दुमडलं, त्याखाली वाळूचा कण राहिला, तरी हवा तिथून आत येते. ब्रशच्या तोंडाशी मग काही उरत नाही.

चाचणी अशी. मशीन सुरू करून पाइपाचं टोक तळहाताने घट्ट बंद करा. आवाज चढला तर हवाबंद आहे. चढला नाही तर गळती आहे. गळती नेमकी कुठे, ते अगरबत्ती सांगते. टोक बंद ठेवून पेटती अगरबत्ती झाकणाच्या सांध्यावरून, पाइपाच्या जोडावरून सावकाश फिरवा. जिथे धूर आत खेचला जातो ती जागा. हे करताना जवळ पेट्रोल, थिनर किंवा डाग काढायचं सॉल्व्हंट असता कामा नये, आणि निखारा भोकापासून दोन बोटं लांब ठेवा.

गॅस्केट धुऊन, पुसून, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नको. तेलाने रबर फुगतं आणि सैल पडतं. टाकीला तडा असेल तर रबरी बाजूने नाही, प्लास्टिकमधूनच धूर आत जाईल. उन्हात वाळत ठेवलेल्या टाक्या वाकतात, कडा उठते, आणि मग कितीही नवं गॅस्केट घातलं तरी बसत नाही. टाकी नवीच घ्यावी लागते. चिकटवलेली टाकी व्हॅक्यूमच्या ताणाने पुन्हा उकलते.

५. ब्रशचं तोंड

बादलीची चाचणी उत्तम आणि कार्पेटवर ओढ नाही, तर दोष इथे. तोंडातली सपाट फट ओल्या तंतूंनी भरते. बहुतेक मॉडेलमध्ये पुढचं पारदर्शक झाकण एका खटक्याने निघतं. आतला गाळ लाकडी आइस्क्रीमच्या काडीने काढा. सुरी किंवा पेचकस घालू नका. ओठाला खरवड पडली की तो कार्पेटवर हवाबंद टेकत नाही.

फिरता ब्रश असेल तर त्यावरचे केस आणि दोरे कात्रीने लांबीच्या दिशेने कापून काढा. पट्टा सरकला किंवा तुटला असेल तर ब्रश फिरणार नाही, ओढीवर मात्र त्याचा परिणाम नसतो.

ओले तंतू इतके येतातच का? कारण कार्पेट आधी कोरडं झाडलेलं नसतं. नागपूरची उन्हाळी धूळ बारीक असते आणि भोवतालची काळी माती पाण्यात मिसळली की चिकट चिखल होतो. कोरडी असताना ती व्हॅक्यूमने किंवा गच्चीच्या कठड्यावर उलटं टाकून झोडपल्याने सहज निघते. पाणी लागल्यावर तीच पाइपात थर धरते. धुण्याआधी दोन्ही दिशांनी कोरडा व्हॅक्यूम फिरवणं हा ऐच्छिक भाग नाही.

६. पाइप

पाइप दोन्हीकडून काढा, सरळ धरा आणि वरून काचेचा कंचा सोडा. खडखडत खाली आला तर वाट मोकळी. अडकला तर तुंबा तिथेच. बागेच्या नळीने उलट दिशेने, म्हणजे मशीनकडच्या टोकातून, पाणी सोडा. तुंबा ज्या बाजूने आला त्याच बाजूने परत जातो. तार किंवा काठी घालून ढकलू नका, पाइपाच्या घड्या फाटतात.

फाटलेला असेल तर बहुधा टोकापासून वीतभर अंतरात, कारण वाकण्याचा ताण तिथेच पडतो. तात्पुरतं कोरडं करून इन्सुलेशन टेपचे तीन-चार वेढे चालतात. साध्या ओल्या-कोरड्या व्हॅक्यूमचा पाइप तेवढा तुकडा कापून परत बसवता येतो, नवा हवा असेल तर इतवारीत लोहाओळीच्या भागातल्या हार्डवेअरच्या दुकानांत जुना तुकडा मापाला घेऊन जा. छोट्या कार्पेट मशीनच्या पाइपात मात्र फवाऱ्याची बारीक नळी आतून गेलेली असते. तो कापायचा नाही. तो कंपनीचाच घ्यावा लागतो.

७. वीज

दबका आवाज असेल तर. मशीन १,२०० ते १,६०० वॅटचं असतं, म्हणजे साधारण ५ ते ७ ॲम्पिअर. त्याला १६ ॲम्पिअरचं सॉकेट द्या. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर ते लावू नका. व्होल्टेज २३० चं १९० वर आलं तर अशा मोटरची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी घटते. मे महिन्यात संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर आणि एसी एकदम सुरू असतात, तेव्हा हे होऊ शकतं. सकाळी लवकर तेच मशीन त्याच सॉकेटवर लावून पाहा. फरक पडला तर मशीनला दोष देऊ नका.

एक्स्टेन्शनच्या वायरीला लोक उगाच दोष देतात. दहा मीटरच्या बऱ्या वायरीत तीन-चार व्होल्टच पडतात. खरा घोटाळा सैल पिनांचा असतो. दहा मिनिटं चालवून, बटण बंद करून, प्लगला हात लावा. चांगलाच गरम असेल तर सॉकेटचे पत्ते सैल झाले आहेत. ते काम इलेक्ट्रिशियनचं, आणि ते व्हॅक्यूम दुरुस्त करण्यापेक्षा तातडीचं आहे. घरच्या इन्व्हर्टरवर हे मशीन चालवू नका.

८. फवाऱ्याची बाजू

ओढ नीट आहे पण कार्पेट एका जागी चिंब आणि बाजूला कोरडं, तर नोझल पाहा. बोअरच्या पाण्याचे क्षार नोझलच्या बारीक भोकात पांढरे साचतात. पंख्यासारखा पसरणारा फवारा मग एका धारेत पडतो, आणि ती धार कार्पेटच्या पाठीपर्यंत जाते. ओढ कितीही असली तरी पाठीतलं पाणी वरून निघत नाही.

किराणा दुकानात लिंबूसत म्हणून जे सायट्रिक ॲसिड मिळतं ते १ लिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम घाला. नोझल त्यात अर्धा तास बुडवा. तेच पाणी पंपातून थोडं फवारून वीस मिनिटं आत राहू द्या आणि नंतर दोन टाक्या साधं पाणी सोडून धुऊन काढा. भोकात सुई घालू नका, भोक मोठं झालं की ते परत लहान होत नाही.

फवारा अजिबात येत नसेल तर पंपात हवा अडकलेली असू शकते. टाकी भरलेली ठेवून नळी जमिनीच्या पातळीला धरा आणि ट्रिगर मिनिटभर दाबा. तेवढ्यात आला नाही तर थांबा, कोरडा चालणारा पंप लवकर जळतो.

पाण्याचं तापमान ४० अंशांच्या आसपास, हाताला सोसवेल इतकं. गिझरचं कढत पाणी ओतल्याने मळ जास्त निघतो असं वाटतं, पण टाकी, गॅस्केट आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनवलेले नसतात.

थांबा आणि माणूस बोलवा

इथपर्यंत सगळं तपासून ओढ येत नसेल तर दोष मोटरच्या भागात आहे: मोटरखालचं गॅस्केट, हवेचा पंखा, कार्बन किंवा बेअरिंग. हे उघडायला पाण्याची आणि विजेची बाजू वेगळी करणारं आवरण काढावं लागतं. ते परत नीट बसलं नाही तर पुढच्या वेळी पाणी थेट विजेच्या भागात जाईल. म्हणून वॉरंटी असेल तर अधिकृत सेवा केंद्र, नसेल तर व्हॅक्यूमच्या मोटरी उघडणारा, मोटर रिवाइंडिंगचं काम करणारा. कूलरचा पंप बदलून देणारा कारागीर हुशार असतोच, पण त्याला बहुतेक वेळा या आवरणाची सवय नसते. आधी विचारून घ्या.

पुढीलपैकी काहीही झालं तर वरचा एकही उपाय करू नका, प्लग काढा:

- मशीनला किंवा ओल्या पाइपाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं.
- मशीन सुरू करताच आरसीसीबी किंवा एमसीबी, म्हणजे घराच्या वीजबोर्डातला सुरक्षेचा स्विच, पडतो. बटण परत वर करून पुन्हा पाहू नका.
- जळका वास, किंवा मोटरच्या जाळीतून सतत निळ्या ठिणग्यांचं कडं दिसतं. सुरू करताना एखादी ठिणगी दिसणं वेगळं.
- मागच्या जाळीतून पाणी आलं. टाकी काढून मशीन उघड्या हवेत एक-दोन दिवस वाळवा, तरी स्वतः सुरू करू नका. आत गेलेला साबण वाळला तरी बेअरिंगमध्ये राहतो.
- गरम होऊन आपोआप बंद पडलं, अर्ध्या तासाने सुरू झालं, आणि पुन्हा बंद पडलं. एकदा झालं तर फिल्टर-पाइप तपासा. दुसऱ्यांदा झालं की थांबा.

दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल तर नवीन मोटर टाकण्यात अर्थ नाही.

मशीन ठीक, तरी कार्पेट ओलं

हे फार वेळा होतं आणि दोष हाताचा असतो. फवारा मारत एकदा मागे ओढा, मग ट्रिगर सोडून त्याच पट्ट्यावर दोन-तीन वेळा कोरडा हात फिरवा. एक मीटर यायला चार-पाच सेकंद लागले पाहिजेत. झाडू मारल्यासारखं भराभर फिरवलं तर हवेला पाणी उचलायला वेळच मिळत नाही. पारदर्शक तोंडातून पाणी जाताना दिसणं थांबलं की पुढचा पट्टा घ्या, आधीच्या पट्ट्यावर दोन बोटं चढवून. जास्त मळलेल्या जागी जास्त पाणी ओतू नका. कमी पाणी, दहा मिनिटं मुरू द्या, ओढा, आणि वाळल्यावर पुन्हा एकदा.

गेलेला डाग परत येतो तो पाठीतून. वरचा भाग वाळताना खालचं मळकं पाणी तंतूंतून वर चढतं आणि टोकाला साचतं. अशा जागी शेवटी पांढरा टॉवेल पसरून त्यावर वजन ठेवा आणि रात्रभर राहू द्या. डाग टॉवेलवर येतो.

वाळवण्याबाबत नागपूरला एक सोय आहे: घरोघरी कूलर. पण त्याचा पंप बंद करून. आधी खस किंवा वुडवूलच्या ताट्या पूर्ण वाळू द्या, मग नुसता पंखा कार्पेटकडे तोंड करून चालवा, खिडक्या उघड्या ठेवून. छताच्या पंख्यापेक्षा तो कितीतरी जास्त हवा फेकतो. पंप सुरू असेल तर मात्र तुम्ही त्याच खोलीत पाणी भरताय. कार्पेट फरशीवर ठेवू नका. दोन स्टुलांवर किंवा खाटेवर टाका, म्हणजे पाठीलाही हवा लागेल. रंगीत लोकरी कार्पेट उन्हात घालायचंच असेल तर उलटं. एप्रिल-मे मध्ये ते काही तासांत वाळतं. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं कार्पेट धुवायला घेऊ नका, फक्त डागापुरतं करा आणि बाकीचं ऑक्टोबरवर टाका. २४ ते ४८ तास ओलं राहिलं की बुरशी धरते आणि तो वास पुन्हा धुऊन जात नाही.

कार्पेटची पाठही उलटून पाहा. भदोही-मिर्झापूरच्या हाताने गाठी मारलेल्या लोकरी गालिच्याला पाठीवर तेच नक्षीकाम दिसतं. तो थंड पाण्याने, लोकरीला चालणाऱ्या साबणाने, अगदी कमी ओला करून धुता येतो. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता तंतू टोचून बसवलेला. त्या कापडाखाली लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकटीचा, थर असतो. फार भिजला की तो सुटतो आणि रबरासारखा वास येतो. हा वास मशीनचा नाही, कितीही धुतलं तरी वाढतच जाईल. ताग, व्हिस्कोस आणि रेशीम मशीनने धुवायचंच नाही. ताग तपकिरी पडतो, व्हिस्कोस पिवळं पडून तंतू ताठ होतात. रंग जातो का ते पाहायला ओलं पांढरं फडकं कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा.

लहान मुलाने किंवा मांजराने ओलं केलेल्या जागेचा वास साबणाने जात नाही. त्याला एन्झाइमचं द्रावण लागतं, आणि ते पाठीपर्यंत मुरलं पाहिजे.

नवं मशीन घेताना

भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट नागपूरच्या घरांत क्वचितच असतं. बहुतेकांकडे चार बाय सहाचा एखादा गालिचा, सोफा, गादी आणि गाडीच्या सीट. त्याला दीड ते तीन लिटर टाकीचं छोटं, हाताच्या ब्रशचं मशीन पुरतं. उभं, फिरत्या ब्रशचं मोठं मशीन त्यांना अडचणच होते. आधीच ओला-कोरडा व्हॅक्यूम घरात असेल तर पाच लिटरच्या फवारणी पंपाने हलकं पाणी मारून त्याने ओढा. ओढीच्या बाबतीत तो छोट्या मशीनच्या मागे नसतो.

वाफेचं मशीन म्हणजे कार्पेट मशीन नव्हे. ते वाफ सोडतं, परत काही ओढत नाही, आणि दूध, अंडं, रक्त यांचे डाग उष्णतेने पक्के करतं. पुष्कळ जण हेच चुकीचं घेतात.

खोक्यावरचे वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं. ओढ किती ते किलोपास्कलमध्ये लिहिलेलं असतं, १५ ते २० च्या दरम्यान असेल तर ओल्या कामाला पुरेसं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घाण टाकीत हात घालून घासता येईल एवढं तोंड आहे का, फ्लोटची जाळी निघते का, ब्रशचं पारदर्शक झाकण हत्याराशिवाय उघडतं का. दुकानात उभं राहून हे तिन्ही उघडून पाहा. गॅस्केट, फ्लोट आणि पाइप सुटे मिळतात का ते विकणाऱ्याला विचारा आणि भाग क्रमांक पावतीवर लिहून घ्या. "सगळं मिळतं" एवढ्यावर थांबू नका.